मिर्झांच्या वाटणीचा तिळगूळ

यल्लाप्पा गेल्याचं मला कळलं ते सतरंजी मागायला आलेल्या माणसाकडून. साड्यांचा गठ्ठा घेऊन मी निपाणीला गेलो होतो. शहापुरात परतून, पाय धुऊन मागावर बसतोय तोच हे गृहस्थ दारात उभे. "सांजच्याला शोकसभा हाय, तुमची मोठी सतरंजी द्या." कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हिंडलग्याचं यल्लाप्पा न्हवं का, इराणात हुतं त्ये... तापानं गेलं की." आणि मी काही बोलायच्या आत सतरंजीवर किती माणसं बसतील ते विचारू लागले. ज्याच्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलो, त्याच्या मरणाची बातमी मला अशी मिळाली. सतरंजी दिली, सभेलाही गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं.

माझ्याच सतरंजीवर बसून मी काय काय ऐकलं! एका वक्त्याने सांगितलं की यल्लाप्पांनी लढाईच्या काळात परमुलखातली मंत्रिमंडळं बसवली आणि उठवली. दुसऱ्याला ऐकून ठाऊक होतं की इंग्रजांचे मोठमोठे अधिकारी त्यांच्या सल्ल्याशिवाय पाऊल उचलत नसत. तिसरा तर म्हणाला, त्यांनी तिथे हेर पेरले होते, म्हणे. म्हणे, ऐकिवात आहे, आतल्या गोटातून कळतं... तासभर हेच. या 'म्हणे'चा ज्याला आयुष्यभराचा वीट आला होता, त्याला त्याच 'म्हणे'चे हार घालून लोक चहाला गेले. घरी येऊन जेवलो नाही. त्या सभेतलं एक अक्षरही खरं नाही आणि जे खरं आहे ते कुणीतरी लिहायला हवं, एवढ्याचसाठी हा लेख.

यल्लाप्पा हिंडलग्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत संस्कृतच्या वर्गात आमच्यासारख्यांना शेवटच्या बाकावर बसवत आणि गुरुजी आमचे उच्चार ऐकून कानावर हात ठेवत. मी मुकाट बसून राहिलो. यल्लाप्पा उठला आणि पलीकडे फारशीच्या वर्गात जाऊन बसला. त्याच्या बापाला फारशी म्हणजे काय हे कळलं तेव्हा मुलगा पास होऊन बसला होता. पुढे टायपिंग शिकून तो बेळगाव कॅम्पातल्या लष्करी कचेरीत लागला, आणि लढाई पेटल्यावर फारशी येणारा टायपिस्ट म्हणून साहेबाने त्याला थेट इराणला पाठवलं. निघताना त्याने ट्रंकेत निपाणीची गुळाची ढेप घातली. मी हसलो तर म्हणाला, "तिकडं खजूर लई असतील रं, गूळ कुठला?"

किनाऱ्यावरच्या एका गावात इंग्रजांची कचेरी होती, तिथे तो कामाला होता. काम एकच. त्या देशाचं राजकारण कुठल्या कुशीवर वळतंय याचा अहवाल दर आठवड्याला दिल्लीकडे जायचा, तो त्याने टाईप करायचा. कोणता मंत्री आपला, कोणता शत्रूचा, कोणता विकत मिळेल, कोणाचं सरकार कधी पडेल... घोड्यांच्या शर्यतीच्या गप्पा माराव्यात तसे साहेब लोक हे सांगत आणि तो टाईप करी. खबरा आणायला माणसं ठेवलेली होती. तिथे तेव्हा साखर दिसेनाशी झाली होती, त्यामुळे कचेरीतून साखरेची चिठ्ठी मिळणार म्हटलं की कुणीही खबर देई. खबर नसली की बनवून देई. सकाळी कचेरीच्या आचाऱ्याने बाजारात उठवलेली आवई दुपारी खबऱ्या आणी, संध्याकाळी एखादा व्यापारी तीच सांगे, की साहेब लिहीत, तीन स्वतंत्र ठिकाणांहून दुजोरा मिळाला. कचेरीच्या भिंतीबाहेर बायका पोरं कडेवर घेऊन भाकरीसाठी पहाटेपासून ओळीत उभ्या असत. त्या भाकरीत लाकडाचा भुसा निघायचा. अहवालात त्यांच्याबद्दल एक ओळ जाई, 'धान्यावरून किरकोळ गडबड'. हे सांगताना यल्लाप्पा नेहमी थुंकायचा. चांगल्या घरातला, शिकलेला माणूस, पण या ओळीपाशी आला की थुंकायचा.

त्या गावात त्याला एकच माणूस मिळाला, मिर्झा. शाळेत शिकवायचे, वयाने मोठे, आणि गावातल्या धान्यवाटपाच्या कमिटीवर होते. आमच्या यल्लाप्पाची पुस्तकी फारशी ऐकून ते पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बोलती भाषा शिकवू लागले. संध्याकाळी दोघं त्यांच्या अंगणात बसत. यल्लाप्पा त्यांना बेळगावची थंडी सांगायचा, ते त्याला आपल्या गावच्या डाळिंबांविषयी सांगायचे. राजकारण चुकूनही नाही. "दिवसभर त्येच टाईप करत हुतो रं," तो म्हणायचा, "सांजच्याला तरी मान्साशी मान्सासारकं बोलावं वाटायचं."

मग संक्रांत आली. आपल्याकडचा माणूस संक्रांतीला काय करणार? बाजारातून तीळ आणले, ट्रंकेतली ढेप फोडली, खोलीतच वड्या थापल्या आणि कागदाच्या पुड्या बांधल्या. रोजची पाटलोण सोडून धोतर नेसला, फेटा बांधला आणि ओळखीच्या दारोदार निघाला. भाकरीवाला, न्हावी, पोस्टातला कारकून. मिर्झांच्या हातात पुडी ठेवली आणि वडीलधारे म्हणून वाकून पायाला हात लावला. सगळ्यात पहिली पुडी मात्र सकाळीच कचेरीत साहेबाच्या टेबलावर ठेवली होती.

त्या आठवड्यात खबऱ्याकडे विकण्यासारखं काही नव्हतं. त्याने काय पाहिलं? धोतर-फेट्यातला अनोळखी हिंदी इसम गावभर पुड्या वाटतोय. धान्य कमिटीच्या माणसाला पुडी देऊन, जमिनीपर्यंत वाकून काही खूण करतोय. पाटलोणीतला कचेरीचा टायपिस्ट आणि हा इसम एकच, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. इकडे हिंदुस्थानात तेव्हा 'चले जाव'ची धामधूम, साहेबाचे कान आधीच टवकारलेले. त्याने लगेच तार केली. दुसऱ्या दिवशी यल्लाप्पापुढे सविस्तर अहवाल टाईप करायला आला, की हिंदुस्थानातले बंडखोर इथल्या असंतुष्टांना हाताशी धरताहेत आणि मिर्झा हा त्यातला मुख्य दुवा.

हे त्याने मला सांगितलं ते आमच्या शेवटच्या भेटीत, हिंडलग्याच्या बांधावर, भाताची कापणी चालू असताना. तोवर मी कधी विचारलं नव्हतं. लढाई संपायच्या आतच नोकरी सोडून का आलास, संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या माणसाला दारातूनच का लावून देतोस... लोक त्याला शिष्ट म्हणत.

"मी सांगितलं रं, विठू," तो म्हणाला. "तोंडावर सांगितलं. म्हटलं, साहेब, ह्यो आमचा सण हाय. ती मान्सं माज्या वळकीची. पुड्या मी वाटल्या, वाकलो बी मीच. तुमच्या टेबलावर बी तीच पुडी हाय, बगा की."

"मग?"

"मग बगितलं त्यानं. पुडी सोडली, एक वडी तोंडात टाकली... आनि हसला. म्हनला, लई ग्वाड हाय. पर तार तर गेलीया. आता चूक झाली म्हनून कळवलं, तर फुडं आमचा अहवाल कोन वाचंल?"

त्यानेच पुढे सांगितलं, "चावत चावतच म्हनला, टाईप कर. आनि म्या केलं. हातास्नी सवय झालती."

मिर्झांना भर वर्गातून नेलं. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. घर बंद झालं, बायकामुलं कुठल्याशा नातेवाईकाकडे गेली. यल्लाप्पा चौकशीला गेला तर शेजाऱ्यांनी त्याला बघून दारं लावून घेतली. धान्य कमिटीवर त्या खबऱ्याचाच मेहुणा आला. पुढे तिथलं सरकार पडलं, दुसरं आलं, तेही पडलं, आणि प्रत्येक पडण्याचं भाकीत साहेबाने आधीच केलं होतं म्हणून त्याला बढती मिळाली. माणसाच्या आयुष्याची माती करायची, वर त्याचाच तिळगूळ खायचा आणि शाबासकी घ्यायची... मला याला शब्द सापडत नाही. किळस हा शब्दही फार सोवळा वाटतो. आता इंग्रज जाणार म्हणतात. जाईनात का. त्यांचं ते 'आतल्या गोटातून कळतं' मात्र आपल्या लोकांनी आधीच उचललंय, हे मी त्या शोकसभेत माझ्या कानांनी ऐकलं.

परवा संक्रांतीला मी हिंडलग्याला गेलो. दुःखाच्या घरी वर्षभर सण नसतो, म्हणून हात हालवतच गेलो. पण दारातच भाजलेल्या तिळांचा वास आला. शेजारच्या बायका अंगणाच्या कडेला कुजबुजत होत्या. आत देवाच्या कोनाड्यात कागदाची एक पुडी होती, दोऱ्याने बांधलेली. तेव्हा वैनींनी, यल्लाप्पाच्या बायकोने, सांगितलं. परत आल्यापासून दर संक्रांतीला यल्लाप्पा एकच पुडी बांधायचा. घरात कुणाला द्यायचा नाही, स्वतः खायचा नाही. पुडी कोनाड्यात ठेवायची आणि वर्षाने नवी बांधली की जुनी गाईला घालायची. मिर्झांच्या वाटणीची ती पुडी.

"वैनी, पण अवंदा..." मी अडखळलो. "अवंदा तुमच्यात सण न्हाय न्हवं?"

त्यांनी पदराने कोनाड्याची कड पुसली. "आमच्यात न्हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "पर मिर्झास्नी कुठलं सुतक? त्यांचं हितलं मानूस गेलंय म्हनून आजवर कुनी त्यास्नी कळिवलंय व्हय?"