ब्रेक मारला की थरथरणारी फियाट

दशरथ घाडी मूळचे कणकवलीकडचे. परळच्या एका गिरणीत मॅनेजरची गाडी चालवायचे. ब्याऐंशीचा संप लांबत गेला, गिरणीचं दार काही उघडेना, तेव्हा ते बायकोला, प्रेमाला, घेऊन बोरिवलीला आले आणि एक्सरच्या रस्त्यावर मोटर ट्रेनिंग स्कूल काढलं. स्कूल म्हणजे एका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावरचं टेबल, पत्र्याचा फलक आणि राखाडी रंगाची जुनी फियाट. शिकवणाऱ्यासाठी डाव्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला होता. त्यांनी तो दाबला की खालच्या सळईने खरा ब्रेकही दाबला जाई.

माणूस सज्जन, पण वैतागलेला. शिव्या देत नसत. "हळू. हळू म्हटलं ना. आता काय सांगितलं मी?" एवढंच दिवसभर चाले, आणि शिकणाऱ्याचे तळहात ओले व्हायला तेवढं पुरे असे.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर नंदा कासारे नावाच्या बाईंना घेऊन ते अंधेरीला आरटीओच्या टेस्टला गेले. नंदा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. नवऱ्याची नजर अधू झाली होती, दारात दिराने दिलेली गाडी उभी होती, आणि ती चालवणार तर आता तीच, असं घरात ठरलं होतं. हात तिचा चांगला बसला होता. पण इन्स्पेक्टरने जरा वेग घ्यायला लावून थांबायला सांगितलं आणि ब्रेकवर पाय पडताच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना असं थरथरलं की घाबरून तिने पाय उचलला. गाडी रेघेच्या पार पुढे जाऊन थांबली. नापास.

परतताना घाडींनी तिला बरंच ऐकवलं. स्टिअरिंग सैल सोडायचं नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ब्रेकवरून पाय काढायचा नाही हे दुसऱ्या दिवशी. नंदा म्हणाली, "सर, ते माझ्या हातात नाचत होतं हो."

जोगेश्वरीला त्यांनी तिला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवायला घेतलं. हायवेवर वेग घेऊन ब्रेक मारला. स्टिअरिंग त्यांच्याही हातात नाचलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. रोज गल्लीबोळात दुसऱ्या गियरवर शिकवणाऱ्या माणसाला हे कळणार तरी कसं? चूक झाली असं म्हणायला हवं होतं, पण ते शब्द त्यांच्या तोंडातून काही निघाले नाहीत.

मग सुरू झाल्या खेपा. टायरवाल्याने चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं आणि आता लोण्यासारखी चालेल म्हणून सांगितलं. एरवी ती लोण्यासारखीच चालत होती. भानगड फक्त ब्रेक मारल्यावर होती, आणि ती तशीच राहिली. दहिसरच्या चंद्रप्रकाश मेकॅनिकने स्टिअरिंगचे सांधे झिजलेत असं निदान केलं आणि बदलले. थरथर आहे तशीच. सांधे जुने होतेच, कधीतरी बदलायचेच होते, असं तो म्हणाला तेव्हा घाडींना त्याच्याच पान्याने त्याला हाणावंसं वाटलं.

या काळात शिकवणीची वाट लागली. टेस्टसाठी घाडी आता मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायलाही शिकवत, तिथे स्टिअरिंग थरथरतं म्हणून शिकणारे ब्रेक मारायला बिचकत, ते बिचकतात म्हणून घाडी ओरडत. दोघं तर मधूनच दुसऱ्या स्कूलला निघून गेले. घरी जेवताना बायकोने गाडीचा विषय काढला की ते ताट पुढे सारत.

शेवटी चंद्रप्रकाश स्वतः गाडी घेऊन हायवेवर गेला. घाडी शेजारी. रिकामा रस्ता बघून त्याने पायाचा ब्रेक न मारता हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी मंद झाली, पण स्टिअरिंग शांत. मग पायाने ब्रेक मारला आणि थरथर सुरू. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, तेव्हा दोष पुढच्या चाकांच्या ब्रेकमध्येच आहे, असं त्याने समजावून सांगितलं. चाकासोबत फिरणारा लोखंडी ड्रम गोल राहिला नव्हता. आतून दाबणारे ब्रेकचे शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, त्याच्या उंच भागावर अडत, सखल भागावर सुटत, आणि तो हिसका थेट स्टिअरिंगपर्यंत येत होता.

"हे आधी सुचलं नाही तुला?" घाडी म्हणाले.

"सुचलं असतं तर केलं नसतं का साहेब?"

दोन्ही ड्रम गोणपाटात बांधून घाडी रिक्षाने मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत लोखंड कातून देणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेले. ड्रम लेथवर फिरू लागला. हत्यार टेकवलं तर एका बाजूला लखलखीत पट्टा उमटला आणि दुसरी बाजू काळीच राहिली, तिथे हत्यार पोचतच नव्हतं. एवढे दिवस छळणारी गोष्ट अशी उघड दिसल्यावर घाडींना बरं वाटलं. काळेपणा जाईपर्यंत ड्रम आतून कातला. परत बसवल्यावर हायवेवर ते एका हाताने स्टिअरिंग धरून ब्रेक मारत सुटले. झकास. त्या रात्री जेवणही नीट झालं.

होळीच्या सुमारास थरथर परत आली.

आता मात्र त्यांचा तोल गेला. दहिसरला जाऊन त्यांनी चंद्रप्रकाशला चार लोकांसमोर नाही नाही ते सुनावलं. लेथवाला चोर, तू चोर, तुमचं सगळ्यांचं साटंलोटं. चंद्रप्रकाशने ऐकून घेतलं, चाक काढलं, ड्रमवर हात फिरवला. तापून निळसर डाग पडले होते. त्याने विचारलं, "साहेब, ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतं का कोणी? शू सारखे घासत राहिले की ड्रम तापतो, आणि तापून आकार सोडतो."

"मी? मी लोकांना शिकवतो रे," घाडी म्हणाले.

"मग शिकणारे असतील."

हे त्यांना एकदम पटलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाच्या पायावर त्यांचा पहारा बसला. ब्रेकवरून पाय काढा, गाडी माझी आहे, तुमच्या बापाची नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी आजवर कोणाला ऐकवलं नव्हतं. नंदा दुसऱ्या टेस्टसाठी पुन्हा शिकवणीला येत होती. चिकूवाडीच्या मोकळ्या रस्त्यावर तिलाही तेच ऐकावं लागलं. तिने खाली बघितलं.

"पायाकडे बघू नका मॅडम. रस्त्याकडे बघा."

नंदाने गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली आणि इंजिन बंद केलं.

"माझा पाय खाली जमिनीवर आहे सर. ब्रेकवर तुमचा आहे."

"काहीतरी बोलू नका."

"आता पण आहे. बघा ना."

त्यांनी बघितलं. उजवी चप्पल डाव्या बाजूच्या ब्रेकवर टेकलेली होती. गाडी बंद, उभी, आणि तरी पाय तिथेच. त्यांनी तो झटक्याने मागे घेतला. चालवा, म्हणाले. रागाने कानशिलं तापली होती. राग नंदाचा, चंद्रप्रकाशचा, त्या चपलेचा. थोडं पुढे गेल्यावर एक म्हैस रस्त्यात आली. नंदाने वेळेवर वेग कमी केला. घाडींनी खाली पाहिलं तर पाय पुन्हा ब्रेकवर. तो कधी गेला हे त्यांना कळलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक नवशिका ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून बसला होता. समोर केळ्यांची हातगाडी आणि तिच्याआड एक बाई, कडेवर पोर. घाडींनी आपला ब्रेक सगळं अंग टाकून दाबला होता. गाडी थांबली, हातगाडी नुसती हलली, दोन घड खाली पडले. कोणाला काही झालं नाही. बाईने तर वळूनही पाहिलं नाही. घाडींनी घरी कोणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून पाय मागे राहायला तयार नव्हता, हे त्यांना आत्ता, चिकूवाडीच्या रस्त्यावर उमगलं. नंदाला ते एवढंच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

ड्रम पुन्हा मरोळला गेले. लेथवाल्याने ते कातून दिले आणि सांगितलं की आता आणखी कातण्याइतकं लोखंड उरलेलं नाही. यापुढे नवेच टाकावे लागतील. घाडी पाय सुधारायच्या मागे लागले. चप्पल काढून बसून पाहिलं, पाय दाराकडे वळवून पाहिला, एकदा तर मांडी घालून बसले. कोपऱ्यावरून सायकल आली की पाय आपसूक ब्रेकवर. स्वतःचाच पाय आपलं ऐकत नाही याची त्यांना इतकी चीड आली की एका सकाळी त्यांनी शिकायला आलेल्या सगळ्यांना घरी पाठवून दिलं.

चंद्रप्रकाशकडे जाऊन त्यांनी खालच्या मानेने काय घडलं ते सांगितलं. झाल्या गोष्टीची माफी मागितली, तीही धड मागता आली नाही. तो हसला नाही. त्याने डाव्या ब्रेकखाली एक जाड स्प्रिंग बसवून दिली. पाय नुसता टेकला तर ब्रेक हलायचा नाही, मुद्दाम जोर लावला तरच दबायचा. घाडींना हे मनातून आवडलं नाही. माणूस सुधारत नाही म्हणून स्प्रिंग लावायची, हे काय झालं? पण त्यांनी ती लावून घेतली.

नंदा दुसऱ्या टेस्टलाही नापास झाली. या वेळी स्टिअरिंग मुळीच थरथरलं नाही. गाडी मागे घेताना तिने खांबाला ठोकर दिली. घाडींनी कपाळावर हात मारला आणि पुढची तारीख घेतली. तिसऱ्या खेपेला ती पास झाली आणि पेढे घेऊन ओट्यावर आली.

गाडी नंतर नीट चालली. घाडींची उजवी पोटरी मात्र रोज संध्याकाळी ठणकू लागली, कारण ब्रेक दबला नाही तरी त्या स्प्रिंगवर ते दिवसभर नकळत जोर देत होते. पहिल्या दिवशी ते खाटेवर बसून पाय चोळत होते तेव्हा प्रेमाने विचारलं, "पायाक काय झाला?"

"काय नाय," ते म्हणाले, आणि मग पोटरी दाबत तिला ती केळ्यांची हातगाडी, ती बाई आणि ते पोर, सगळं सांगितलं.