राणीचं कार्ड

असले अनुभव वाचताना मी आजवर फक्त हसत आलेय. फार्मसीला आहे, औषधांची नावं पाठ करता करता जीव जातो, भुताखेतांना वेळ कुठला! त्यामुळे आज हे लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

आम्ही कोल्हापूरजवळ उचगावला राहतो. गेल्या वर्षी आप्पांना – माझ्या वडिलांना – अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. आमची म्हैस राणी त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. "ये की गं राणे" अशी आप्पांची हाक ऐकली की मगच दूध. आईला एकटीला झेपेना, म्हणून राणीला शिरोळला आत्याकडे पाठवलं. तिथंही ती पान्हा चोरायची, जेमतेम तांब्याभर दूध द्यायची.

मी ज्या फ्लॅशकार्डच्या अॅपवर अभ्यास करते, त्यातच आप्पांसाठी फोटोंची कार्डं केली. चहा, खुर्ची, आई, मी... आणि दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेली राणी. फोटो बघायचा, नाव म्हणायचं. 'विसरलो' दाबलं की कार्ड लगेच परत येतं, 'सोपं' दाबलं की काही महिन्यांनी.

पण आप्पा पडले कोल्हापूरचे, हार कशाला मानतील! तोंडातून शब्द निघेना, तरी प्रत्येक कार्डाला ऐटीत 'सोपं' दाबून मोकळे. सगळी कार्डं गेली दिवाळीपार. मी त्यांच्यासमोर हसले आणि आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धारेच्या वेळेला, अॅप उघडलं तर समोर राणी. एकटीच. आप्पांनी पुन्हा 'सोपं' दाबलं. पुढच्या सकाळी परत राणी... मग रोजच. सेटिंग चुकलं असेल म्हणाल – मीही तेच म्हटलं. कॉम्प्युटरवाल्या मावसभावाला दाखवलं. कार्डाची तारीख दिवाळीनंतरचीच होती. "हे यायलाच नको," म्हणाला आणि डोकं खाजवत गेला.

एका सकाळी आप्पांनी बटण दाबलंच नाही. राणीच्या कपाळावरून फिरवायचे तसा फोटोवरून अंगठा फिरवत राहिले. आणि मग खरखरीत, पण स्पष्ट –

"ये की गं... राणे."

आई पिठाच्या हातानं धावत आली. "कोण बोललं गं? हे व्हय?"

आम्ही दोघी त्यांना धरून रडत होतो, तेवढ्यात आत्याचा फोन. तिला आम्ही अजून काही कळवलंही नव्हतं.

"अगं, ह्या म्हशीला झालंय तरी काय? कान टवकारून रस्त्याकडं बघत हुबी हाय, आन् हात लावायच्या आदीच पान्हा सोडला की तिनं! दूध भुईवर सांडाय लागलंय!"

त्यानंतर ते कार्ड अवेळी कधीच आलं नाही. दिवाळीनंतर आपल्या तारखेला आलं, तेव्हा राणी आमच्या गोठ्यात परत आलेली होती.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा... आप्पा आता थोडंफार बोलतात. चहा मागतात, आईला हाक मारतात. माझं नाव मात्र अजून जमत नाही. माझा फोटो आला की हसून "राणे" म्हणतात.

मी 'सोपं' दाबते, आणि ओ देते.