सहा देव, सात देव आणि एक शब्द

आज सकाळी प्रेसमधून आलेला गठ्ठा सोडला आणि ताज्या शाईचा वास सिंदी मेघेतल्या आमच्या छोट्या घरभर पसरला. एरवी मला तो आवडतो. काम संपल्याचा वास असतो तो. आज मात्र पहिलं पान उघडलं, 'परमेश्वर' हा शब्द दिसला आणि चिडचिड झाली. छपाई नीट, ओळी सरळ, समास सारखे. फक्त तो शब्द तिथे नको होता.

शुभवर्तमान गोंडीत आणायचं काम आम्ही काही जण करत होतो. मेंढपाळ, मीठ, पेरणी, सगळ्या शब्दांची सोय लागत गेली. देवापाशी काम अडलं. 'परमेश्वर' गोंडी बोलणाऱ्या घरात कचेरीतल्या साहेबासारखा येतो, त्याला खुर्ची द्यावी लागते. गोंडीत देव म्हणजे पेन. घरातला, कुळातला, सुखदुःखात सामील. तोच शब्द घ्या, असं मी म्हणत होते. भाषांतर समितीतले ज्येष्ठ म्हणत, त्यावर जुन्या पूजेची सावली आहे. सावली कोणत्या शब्दावर नसते? कोरा शब्द बाजारात मिळत असता तर मी केव्हाच आणून ठेवला असता! बैठका होत, चहा होई, निर्णय तेवढा होत नसे.

शेवटी माझ्यासोबत भाषांतर करणारी गोंड ताई म्हणाली, "मॅडम, माह्या घरी वाचून पाहू. माह्या भावाले पटलं, तं जमलं समजा."

ती चर्चला जायला लागल्यापासून हा भाऊ तिच्या दारात आला नव्हता. आता तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगाही चर्चला येणाऱ्या घरातला, आणि मामाशिवाय लग्न ही कल्पना तिला सोसवत नव्हती. निरोपावर निरोप गेल्यावर तो आला, भिंतीला टेकून बसला. ती वाचू लागली आणि 'पेन' ऐकताच त्याचा चेहरा सैलावला. मला वाटलं, जमलं.

"हा पेन कोनाचा?" त्याने विचारलं. "सहा देववाल्यायचा का सात?"

"साऱ्यायचा एकच," ताई उत्साहाने म्हणाली.

"मंग पोरगी न जावई भाऊ-बहीण झाले ना वो बाई! भाऊ-बहिणीचं लगन लावून राह्यली काय? मी नाई उभा राहत अशा मांडवात."

गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात. देव सारखे तर घरं भाऊबंद, तिथे सोयरीक होत नाही. मुलगी सहा देवांची, मुलगा सात देवांचा, म्हणून तर हे लग्न जुळलं होतं. आम्ही एका शब्दात दोन्ही घरं एक करून टाकली. हा पेन त्या मोजणीतला नाही, मोजणीपलीकडचा, असं मी परोपरीने सांगितलं.

"मंग त्याले पेन काऊन म्हणता?" तो म्हणाला.

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून तर जास्त राग आला.

"खोडा मॅडम," ताई म्हणाली. "परमेश्वरच लिहा. माह्या पोरीले मामा पायजे."

लग्न झालं. मामा मांडवात उभा राहिला, आता बहिणीकडे येतो-जातोही. ती त्याला आमच्या कच्च्या प्रतीतून मधूनमधून वाचून दाखवते. तो दूरच्या गावची बातमी ऐकावी तसा ऐकतो आणि अगदी अदबीने विचारतो, "मंग तुमच्या परमेश्वरानं पुढं काय केलं?"

वर्षं जातील, कुणीतरी हे भाषांतर पुन्हा तपासायला घेईल, त्याला कदाचित बरा शब्द सापडेल. तोवर ही दोघं एका ओसरीवर बसतात आणि तो 'तुमचा' त्यांच्यामध्ये बसलेला असतो.