गवती चहाचं तेल आणि तिच्या पानावरचा आंबा

बायको पौषात गेली. त्या साली पहिल्यांदा आंब्याची आढी मी घातली. तोवर ते काम तिचं. मी आंबे उतरवायचो, ती पेंढ्यात मांडायची आणि रोज देठाला नाक लावून कुजका बाहेर काढायची. माझं नाक तपकिरीने गेलेलं.

आमच्या घरात अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या पानावर आंबा ठेवल्याशिवाय कुणी आंबा तोंडात घालत नाही. त्या साली तिचं पहिलं पान. आंबा तिने लावलेल्या कलमाचाच हवा होता, आणि त्यालाच नेमका अवकाळी पाऊस लागलेला. असले आंबे आढीत देठाकडून काळे पडतात, मग आत नुसतं पाणी.

जावई मिरजोळ्याला कारखान्यात. तो बाटली घेऊन आला.

"मामा, गवती चहाचं तेल. कोमट पाण्यात चांगलं घुसळायचं, आंबे बुडवून सुकवायचे, मग आढी. बुरशी धरत नाही."

बाटलीवर चिठ्ठी नव्हती. कारखान्यात काय काय शिजतं देव जाणे.

"आणि आंब्याला वास राहिला तर?"

"उडून जातो तो."

"उडून जाणारी वस्तू बुरशी मारते होय, जावईबापू?"

मुलगी मध्ये पडली. "बाबा, अर्धे बुडवा, अर्धे तसेच ठेवा. भांडता कशाला?"

तसंच केलं. दोन आढ्या. पेंढा मात्र माळ्यावरचाच घेतला, गेल्या सालचा, तिने बांधून ठेवलेला. जावई म्हणाला, जुन्या पेंढ्यात बुरशी बसलेली असते, नवा घ्या. तिच्या हातचे भारे टाकून द्यायला सांगणारा हा कोण? मी ऐकलं नाही.

अक्षय तृतीयेला सकाळी पेंढा बाजूला केला. बिनतेलाचे सगळे देठाला काळे, बोट लावलं की आत जायचं. तेलाचे पिवळे, घट्ट. एखाददुसऱ्यावर ठिपका. मला पहिला संशय आला, यानेच रात्रीतून पालीच्या बाजारातले आणून ठेवले. एकेक उलटून पाहिला. त्या कलमाचा आंबा एका खांद्याला उतरता असतो. सगळे तसेच होते.

आता चवीचं काय? पानाआधी मला चाखता येत नाही, आणि तिच्या पानावर औषधाचा आंबा मी ठेवणार नाही. जावयाचं घर वेगळं, त्याला आमची बंदी नाही. एक कापून त्याच्या हातात दिला आणि तोंडाकडे बघत बसलो.

"गोड आहे, मामा."

"तुम्ही गोडच म्हणणार. तेल तुमचं."

मुलगी रडत हसली. "बाबा, आईचं पान थांबलंय."

दुसरा मोठा आंबा निवडला. साल दोनदा धुतली, अर्धा तिच्या पानावर ठेवला. पाया पडलो.

उरलेला अर्धा मागच्या पायरीवर बसून खाल्ला. तेल शोधत खाल्ला. सापडलं नाही. बाठा चोखला, तरी नाही. दरसालची तीच चव. मग बाठा मात्र टाकवेना.