जाताना एक तास
आईच्या प्रार्थनापुस्तकातून परवा माझं मस्कतचं पहिलं तिकीट खाली पडलं, कार्बनची लाल अक्षरं अजून शाबूत, आणि पडवीतली ती संध्याकाळ आठवली. मला तिथल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून अंगणातल्या क्रुसापुढे प्रार्थना झाली होती, मेणबत्त्यांचा वास रेंगाळत होता, आणि अर्नाळ्याहून आलेला मामा चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, "लग्नाची पोरगी एवढ्या लांब धाडतात का?" आईने तिकीट त्याच्या मांडीवर आपटलं. "दादा, वाच. दहाला निघते, अकराला उतरते. तुझ्या घरी यायला मला एसटीने दीड तास लागतो. तेव्हा कुणी म्हणालं का, बहीण लांब दिली?" मामाने चहाचा कप पुन्हा जवळ ओढला. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, प्रवास खरा अडीच तासांचा, हे मला ठाऊक होतं. पण मामाला मी एक मिनिटही जास्त देणार नव्हते. दोन वर्षांनी सुट्टीवर आले, तेव्हा त्याने माझं येतानाचं तिकीट मागून घेतलं, बोटांवर तास मोजले आणि जिंकल्यासारखं विचारलं, "जाताना एक तास, मग येताना चार कसे गं?" आई मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "येताना सामान जास्त असतं." आजही कुणी मस्कत किती लांब विचारलं, तर मी एक तासच सांगते, आणि परतीचं विचारलं तर सामानाकडे बोट दाखवते.