काकूचा कान

कापूस वेचता वेचता काकू एकदम हात वर करायची. "थांबा वं, बस येऊन राह्यली."

आम्ही बायका कान देऊन उभ्या राहायचो. ऐकू काहीच यायचं नाही, पण गाठोडी बांधून रस्त्यावर येईपर्यंत वणीची एसटी वळणावर दिसायचीच. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या भरवशावर बाकीचे निर्धास्त असतात.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. घरोघरी तो आढ्यापर्यंत पडून होता. काकू एकटीच राहायची, त्या ढिगाशेजारीच झोपायची. त्याच साली तिची पाळी गेली. घामानं भिजायची, झोप लागायची नाही. आम्ही म्हणायचो, कापसाची ऊब आहे.

मग एकदा तिनं हात वर केला, आम्ही रस्त्यावर आलो आणि बस आलीच नाही. पोट धरून हसलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

"कापसात बाया बोलून राह्यल्या," ती एक दिवस म्हणाली, "माह्याबद्दलच."

तिच्या कानावर आमचा विश्वास एवढा, की आम्ही अख्खा ढीग उपसला! एक उंदीर निघाला. आम्हाला हायसं वाटलं, काकूला नाही. तिनं जेवण सोडलं. त्या बाया भाकरीत काहीतरी कालवतात म्हणे.

आम्ही तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिली पाळी कधी आली होती?"

"लवकरच वं बाई. फ्रॉकातच होती मी."

बाईंनी समजावलं. पाळीच्या वयात बाईच्या अंगात जे हार्मोन असतं, ते मेंदूलाही थोडं जपत असावं. काकूला ते लवकरच लाभलं, म्हणून इतकी वर्षं निभावलं असेल. ते ओसरलं की काहींना या वयात पहिल्यांदाच असे आवाज येतात. हा आजार आहे, देवीबिवी नाही.

गोळ्यांनी त्या बाया गेल्या. काकू जेवू लागली, हसू लागली. पण रोज गोळी देणारं कोणी हवं, म्हणून लेक तिला चंद्रपूरला न्यायला आली.

रस्त्यावर सगळ्या जमलो होतो. बस वळणावर आली तरी काकू बोलतच होती.

"काकू, बस आली," मी म्हटलं.

"आली का? मले त आयकूच नाही आली." तिनं माझा हात घट्ट धरला. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला.

ती परत आली नाही. चार वर्षांनी तिकडेच वारली.

वेचताना अजूनही मधेच माझा हात वर जातो. बायका गप्प होतात. "काय वं, बस?"

काकूची फार आठवण येते, हे भर वावरात कसं सांगू? "हो," म्हणते मी. त्या बिचाऱ्या गाठोडी बांधायला लागतात.