गुलाबी रंगाचा जळफळाट

आमच्या अकोल्याच्या लॅबमधले किस्से कोणी लिहून ठेवले असते, तर माझ्या थिसिसपेक्षा जाड बाड झालं असतं. अन् लोकांनी वाचलंही असतं! अर्ध्या किश्श्यांत माझी फजिती, उरलेल्या अर्ध्यांत माझ्यासोबत काम करणाऱ्या वंदनाताईचं कौतुक. काहींत दोन्ही एकदम.

आमचं काम ज्वारीचं. पानात एक एन्झाइम असतं, ते खतातला नत्र झाडाच्या कामी आणतं. ज्या वाणात ते जोरात, त्याचं कणीस चांगलं भरेल अशी आमची आशा. पान तोडायचं, बर्फात ठेवायचं, तुकडे करून ट्यूबमध्ये औषधं घालायची. मग येणारा गुलाबी रंग जितका गडद, तितकं एन्झाइम तेज. वंदनाताईच्या वाणाचा रंग एकदम राणी कलर. माझ्या वाणाचा, दहादा धुतलेल्या टॉवेलचा!

अन् आमच्या दोघांपैकी एकाचाच वाण पुढे शेतकऱ्यांच्या वावरात चाचणीला जाणार होता. माझी सात वर्षं त्या वाणात गेलेली. जीव जळणार नाही तर काय होणार?

*

पहिला संशय बर्फावर. आमची ही बाळापूरची वंदनाताई घरच्या साध्या थर्मासमध्ये पानं आणायची. मी खास अमरावतीहून मोठा आइसबॉक्स आणला. रंग तसाच फिका!

"सुधाकरभाऊ, डबा मस्त आहे," ती म्हणाली. "आमच्या पोरीच्या बड्डेले द्या ना, आइस्क्रीम ठेवाले!"

दिला. काय करता! पोरीनं "थँक्यू काका" म्हटलं, तेव्हाही मी हिच्यावर धुमसतच होतो.

*

मी रोज सकाळी सहाला प्लॉटवर हजर, लॅबच्या मोठ्या सरांनी पाहावं म्हणून. ही पोरीला शाळेत सोडून दहाला येणार. शेवटी मी सरांकडे गेलोच. "सर, त्या रोज उशिरा येतात. मी सहाला पानं तोडून मोकळा होतो!"

सरांनी चष्मा काढला. "काहून रे बाप्पा? उन्हं चढल्याशिवाय ते एन्झाइम कामाले लागत नाई. तू त्याले झोपेतून उठवून राहिला!"

सगळी लॅब खो खो हसली. वंदनाताई तेवढी हसली नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

*

मग मीही दहाला जाऊ लागलो, अन् रंग चढला! माझं डोकंच फिरलं. तिचं एक रीडिंग, तर माझी चार. कणसाजवळच्या पानांत रंग चांगला खुलायचा, म्हणून दर आठवड्याला तीच पानं तोडत सुटलो.

प्लॉटवर कामाला असलेल्या शांताबाई म्हणाल्या, "साहेब, समदे पानं तुमीच नेता, मंग कणीस काय खाईन?"

"शांताबाई, हे सायन्स आहे!" मी म्हणालो.

कापणीच्या वेळी कणीस हातात धरून दाबून पाहिलं. निम्मे दाणे पोचट! रंगाच्या तक्त्यात मी पहिला, उत्पन्नाच्या तक्त्यात शेवटचा. प्लॉटच्या बांधावर बसून चक्क रडलो.

*

निवडीची मीटिंग. मी तिवस्याला घरी आधीच फोन केला होता, "आपलं काही खरं नाही."

सर तिच्या वाणाचं नाव लिहिणार, तेवढ्यात ती उठली. पिशवीतून दोन कणसं काढून टेबलावर ठेवली. एक तिच्या वाणाचं. दुसरं असं टपोरं, की मी ओळखलंच नाही.

"सर, तुलनेसाठी सुधाकरभाऊचा वाण मी माह्या प्लॉटात बी पेरला होता. दोन्हीचे पानं मोजकेच तोडले. हे त्याइचं कणीस, माह्याहून भारी आहे. पाठवाचा तर हाच पाठवा."

सरांनी तिच्या वहीतली वजनं पाहिली. पुन्हा पाहिली. अन् माझ्या वाणाचं नाव लिहिलं.

सात वर्षांचं चीज झालं! सगळे उठून उभे राहिले. काय टाळ्या पडल्या म्हणता!

तिच्यासाठी!